कीबोर्डाचा दोष ठाऊक असताना लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न : स. न. वि. वि. मी साताऱ्यात राहते आणि घरून इंग्रजी-मराठी अनुवादाची कामे करते. रोज सहा-सात तास इनस्क्रिप्टवर, म्हणजे इंग्रजी कळांवर देवनागरी अक्षरे बसवलेल्या मांडणीवर, टंकलेखन होते. माझा जुना लॅपटॉप आता मधूनच बंद पडतो, त्यामुळे दुसरा घेणे भाग आहे. यजमानांच्या ओळखीचे पुण्यातील एक गृहस्थ आपला १३ इंची मॅकबुक प्रो २७,००० रुपयांना देऊ करीत आहेत. त्यांनी तो सप्टेंबर २०१९ मध्ये नवा घेतला होता आणि दिसायला तो अगदी नव्यासारखा आहे. मात्र आमच्या इथल्या दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, की या लॅपटॉपच्या कीबोर्डाची रचनाच सदोष आहे आणि तो बिघडला की खर्चाला अंत नाही. माझ्या दिरांकडे नेमके हेच मॉडेल आहे आणि पाच वर्षांत त्यांना काहीही त्रास झालेला नाही. आमचे घर रस्त्यालगत असल्याने धूळ फार येते, हेही सांगायला हवे. एवढ्या किमतीत असे यंत्र पुन्हा मिळणार नाही, असे घरच्यांना वाटते. घ्यावा की घेऊ नये?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. ताई, तुमचे काम आणि तुमचे घर पाहता हा लॅपटॉप तुम्ही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या एखाद्याला तोच लॅपटॉप घ्यायला मी कदाचित हरकत घेतली नसती, म्हणून या मतामागची कारणे नीट सांगतो.

लॅपटॉपच्या नेहमीच्या कळेखाली कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांत अडकवलेली प्लॅस्टिकची एक जोडी असते. ॲपलने २०१५ साली आपल्या १२ इंची मॅकबुकसाठी ती काढून टाकली आणि तिच्या जागी मधल्या सांध्यावर फुलपाखराच्या पंखांसारखी उघडमीट करणारी, खूपच चपटी रचना आणली. पुढे २०१६ मध्ये मॅकबुक प्रोला आणि २०१८ मध्ये मॅकबुक एअरलाही तीच रचना मिळाली. या रचनेत कळ दाबली की ती जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जाते. एवढ्या अरुंद पोकळीत धुळीचा एखादा बारीक कण जाऊन बसला, तरी कळ खालपर्यंत पोचत नाही, किंवा एकदा दाबली असता अक्षर दोनदा उमटते. तो कण बाहेर काढण्यासाठी लॅपटॉप ७५ अंशांच्या कोनात तिरका धरून दाबाखालच्या हवेचा फवारा मारावा, अशी सूचना खुद्द ॲपलने ग्राहकांना दिली होती. रोजच्या वापरातल्या वस्तूची अशी निगा राखावी लागते, यावरूनच ती रचना किती नाजूक होती ते कळते.

तुमच्या दुरुस्तीवाल्याचे म्हणणे त्यामुळे ऐकीव मानण्याचे कारण नाही. जून २०१८ मध्ये ॲपलने या कीबोर्डांसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. त्याच वर्षीच्या नव्या मॉडेलांत कळांखाली सिलिकॉनचा पातळ पडदा आला आणि मे २०१९ मध्ये आतल्या भागांचे साहित्यही बदलण्यात आले. पण २०१९ ची ही सुधारित मॉडेले ज्या दिवशी जाहीर झाली, त्याच दिवशी त्यांचा समावेश मोफत दुरुस्तीच्या यादीतही झाला. नव्या मालाला पहिल्या दिवसापासून अशी तरतूद करावी लागते, याचा अर्थ कंपनीलाही त्या सुधारणेची पुरेशी खात्री नव्हती, असाच मी घेतो. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॉडेलपासून ॲपल कात्रीच्या रचनेकडे परतली आणि मे २०२० पर्यंत तिच्या विक्रीतल्या सगळ्या लॅपटॉपांतून फुलपाखरी कीबोर्ड गेला. तुम्हाला मिळत असलेले मॉडेल या वाटेवरच्या शेवटच्या काहींपैकी आहे. आधीच्या मॉडेलांपेक्षा ते बरे असेलही, पण मूळ रचना तीच आहे.

आता खर्चाकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. एखादी कळ बिघडू शकते, हे कोणत्याही कीबोर्डाबद्दल म्हणता येईल. या लॅपटॉपमध्ये मात्र कीबोर्ड वरच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला असंख्य बारीक रिव्हेटांनी ठोकून बसवलेला आहे आणि त्याच सांगाड्याला आतून बॅटरी चिकटवलेली आहे. त्यामुळे एका कळेसाठी कीबोर्ड बदलायचा, तर अधिकृत केंद्रात सांगाडा, कीबोर्ड आणि बॅटरी असा लॅपटॉपचा निम्मा भागच बदलला जातो, आणि नव्याने बसणारा कीबोर्डही त्याच रचनेचा असतो. मोफत दुरुस्तीची मुदत त्या विशिष्ट लॅपटॉपच्या पहिल्या विक्रीपासून ४ वर्षांची होती, म्हणजे या लॅपटॉपसाठी ती सप्टेंबर २०२३ मध्येच संपली. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि २०२२ मध्ये ॲपलने दोष मान्य न करता ५ कोटी डॉलरची तडजोड केली, पण ती तिथल्या ७ राज्यांतील ग्राहकांपुरती होती. आपल्याकडच्या ग्राहकाला तिचा काही उपयोग नाही. शिवाय विक्री थांबून ५ वर्षे उलटलेल्या मॉडेलांचे सुटे भाग उपलब्ध असतील तरच मिळतील, असा त्या कंपनीचा नियम आहे, आणि या मॉडेलची विक्री मे २०२० मध्ये थांबली. थोडक्यात, उद्या काही बिघडले तर सगळा खर्च तुमच्याच खिशातून जाणार आहे.

दिरांचा अनुभव खोटा आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. हे सगळेच कीबोर्ड बिघडले नव्हते. कित्येकांनी ते वर्षानुवर्षे विनातक्रार वापरले. पण त्यांचा लॅपटॉप ठीक चालला, यावरून तुमचाही चालेल असे ठरत नाही. ते तो कोणत्या खोलीत वापरतात, दिवसाला किती टंकतात, हे विचारून पाहा. रोज सात तास टंकलेखन आणि रस्त्याची धूळ, या दोन्ही गोष्टी तुमच्याकडे एकत्र आल्या आहेत.

मराठी टंकलेखनात हा दोष किती घातक ठरतो, तेही इथे सांगितले पाहिजे. इनस्क्रिप्टमध्ये आपला काना इंग्रजी ‘ई’च्या कळेवर आहे आणि पाय मोडण्याचे चिन्ह ‘डी’च्या कळेवर. ‘डी’ने दगा दिला, तर ‘प्रश्न’चे ‘परशन’ होते. ते निदान डोळ्यांना खुपते आणि दुरुस्त होते. ‘ई’ची कळ अधूनमधून रुसली, तर ‘काल’चा ‘कल’ होतो, ‘मान’चे ‘मन’ होते, ‘हार’चा ‘हर’ होतो. हे सगळे शब्द शुद्धच असल्याने शुद्धलेखन तपासणारी आज्ञावलीही त्यांवर बोट ठेवत नाही. तीनशे पानांच्या अनुवादात अशा जागा शोधत बसण्याचा मनस्ताप तुमच्या वाट्याला येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

यानंतरही घरच्यांचा आग्रह राहिला, तर पुण्याला स्वतः जा आणि तासभर तरी बसा. दोन-चार ओळी टंकून समाधान मानू नका. एखादे पुस्तक सोबत न्या आणि त्यातली चार-पाच पाने, लॅपटॉप चांगला तापल्यावर, तुमच्या नेहमीच्या वेगाने उतरवून काढा. काना, मात्रा, वेलांटी, स्पेस बार आणि दोन्ही शिफ्ट यांच्याकडे विशेष लक्ष द्या. झाकण अगदी थोडे उघडून हळूहळू पूर्ण मागे न्या आणि पडद्याच्या खालच्या कडेला प्रकाशाचे पट्टे दिसतात का, ते पाहा. २०१६ च्या १३ इंची मॉडेलांत बिजागरीवरून जाणारी पट्टीसारखी केबल झिजून असे होत असे. २०१९ च्या मॉडेलात ही भीती कमी आहे, पण पाहायला पैसे पडत नाहीत. मग ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये बॅटरीच्या चार्जिंगची आवर्तने किती झाली ते बघा, या बॅटरीची मर्यादा १,००० आवर्तनांची धरलेली आहे. त्या गृहस्थांनी मोफत योजनेत कीबोर्ड बदलून घेतला असेल, तर सोबत बॅटरीही नवी बसली असणार, आणि हीच एक गोष्ट या व्यवहाराच्या बाजूने जाईल. त्या दुरुस्तीची पावती जरूर मागा, नुसत्या शब्दावर जाऊ नका.

कीबोर्ड उत्तम असला, तरी आणखी एक गोष्ट उरते. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली ‘टाहो’ ही मॅकची नवी प्रणाली या मॉडेलवर चालत नाही. तिच्या आधीच्या ‘सेकोया’वर ते थांबले आहे. आजवरच्या रिवाजाप्रमाणे जुन्या दोन प्रणालींना सुरक्षेच्या सुधारणा काही काळ मिळत राहतात, पण तो काळ मोजकाच असतो. मॅकच घ्यायचा असेल, तर नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या, एम १ चिपच्या मॅकबुक एअरसाठी थोडे थांबा आणि थोडे पैसे अधिक जमवा. त्याचा कीबोर्ड कात्रीच्या रचनेचा आहे, कळ साधारण एक मिलिमीटर खाली जाते आणि ‘टाहो’ त्यावर चालते. मॅकचा हट्ट नसेल, तर ज्याचा कीबोर्ड आणि बॅटरी स्वतंत्रपणे बदलता येतात असा, कंपन्यांनी कार्यालयात वापरून विकायला काढलेला एखादा विंडोजचा लॅपटॉप, लेखी हमी आणि बिल देणाऱ्या दुकानातून घेणे तुम्हाला जास्त सोयीचे पडेल.

हाच लॅपटॉप घरातल्या एखाद्या विद्यार्थ्याला व्याख्याने पाहण्यासाठी हवा असता, किंवा तुम्ही तो कायम टेबलावर ठेवून वेगळा जोडलेला कीबोर्ड वापरणार असता, तर माझे उत्तर बदलले असते, कारण मग त्याच्या दुबळ्या भागावर भार पडला नसता. तसा वापर तुम्हाला खरोखरच जमणार असेल, तर २७,००० रुपयांतून चांगल्या वेगळ्या कीबोर्डाची किंमत आणि बॅटरी बदलण्याचा खर्च वजा करून उरेल तेवढीच रक्कम त्या गृहस्थांना सांगा. ती त्यांना मान्य नसेल, तर तो लॅपटॉप त्यांच्याकडेच राहू द्या.