फोरहँडने फेकण्यासाठी डिस्क गोल्फच्या कोणत्या डिस्क घ्याव्यात?

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिस्बीसारखी डिस्क फेकत फेकत बास्केटमध्ये टाकायचा खेळ. तुम्ही लिहिलंय की कॉलेजात अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीचा सांघिक खेळ, खेळल्यामुळे फ्लिक, म्हणजे हात अंगाच्या बाजूने पुढे झटकून मारलेली फोरहँड फेक, चांगली जाते, पण मित्राकडून आणलेली डिस्टन्स ड्रायव्हर (लांब पल्ल्याची डिस्क) फोरहँडने सोडली की थोडं अंतर जाऊन डावीकडे कलंडते आणि जमिनीत घुसते. भाऊ दिवाळीला अमेरिकेहून नागपूरला येतोय, सहा डिस्क आणायला तयार आहे, तर त्याला कोणत्या सांगू, असा तुमचा प्रश्न.

सहा नका सांगू, तीन सांगा. डिस्क्राफ्ट कंपनीची झोन, इनोव्हा कंपनीची फायरबर्ड आणि इनोव्हाचीच टीबर्ड. सामान जास्त झालं म्हणून भाऊ कुरकुरला, तर सहा डिस्कसुद्धा जेमतेम किलोभर भरतात हे त्याला ऐकवा. मी तीनवर थांबायला सांगतोय ते वजनासाठी नाही.

फोरहँडसाठी डिस्क निवडताना बहुतेक जण लांबी बघतात. मी आधी बोटं बघतो, म्हणजे कड माझ्या बोटांत नीट बसते की नाही. मग ती डिस्क कलंडायला किती नाखूश आहे ते बघतो. लांबीचा नंबर शेवटी.

तुमची डिस्क डावीकडे जाते त्यावरून तुम्ही उजव्या हाताचे असणार. उजव्या हाताच्या फोरहँडमध्ये डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या उलट फिरते. वेगात असताना तिचा कल डावीकडे, वेग ओसरला की उजवीकडे वळून खाली उतरते. पहिल्या कलण्याला टर्न म्हणतात, शेवटच्या वळणाला फेड. बॅकहँडला, म्हणजे हात छातीसमोरून ओढत फेकलं तर, दिशा नेमक्या उलट. कंपन्या उड्डाणाचे जे आलेख देतात ते सहसा उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी काढलेले असतात, त्यामुळे डावं-उजवं बदलून वाचा. यूट्यूबवर एखादा डावखुरा बॅकहँड फेकताना दिसला तर मात्र जसंच्या तसं घ्या, त्याची डिस्क आपल्या फोरहँडसारखीच फिरते.

डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड (हवेत तरंगत राहणं), टर्न आणि फेड, याच क्रमाने. फायरबर्डचे आहेत ९, ३, ०, ४. यातला स्पीड लोक हमखास चुकीचा वाचतात. १२ स्पीडची डिस्क तुमच्या हातून ९ वालीपेक्षा जोरात जाईल असा त्याचा अर्थ नाही. तेवढ्या वेगाने सोडली तरच ती पुढच्या आकड्यांना जागेल, एवढाच अर्थ. टर्नचा आकडा जितका उणे, तितकी ती वेगात कलंडायला तयार. उणे ३ टर्नची साइडवाइंडर हलक्या हाताच्या बॅकहँडला मजा देते, नवख्या फोरहँडला मात्र ती लगेच पालथी होते.

आता तुमच्या त्या ड्रायव्हरकडे येऊ. नाव तुम्ही लिहिलं नाही, पण डिस्टन्स ड्रायव्हर म्हणजे स्पीड ११ ते १४ मधली असणार. समजा इनोव्हाची डिस्ट्रॉयर आहे: १२, ५, उणे १, ३. ती ज्याचा हात १०० मीटरच्या आसपास पोचतो त्याच्यासाठी. आपल्यासारख्या हौशी लोकांचा फोरहँड ६०-७० मीटरला दमतो. एवढ्या कमी वेगात डिस्ट्रॉयरने खरं तर टर्न घ्यायलाच नको, लवकर उजवीकडे पडायला हवं. तुमची डावीकडे कलंडते आहे. म्हणजे एक तर ती उणे ३-४ टर्नची सोपी ड्रायव्हर आहे, किंवा हातातून सुटतानाच लटपटते आहे. माझा अंदाज लटपटीवर जास्त आहे.

फोरहँडमध्ये बॅकहँडसारखं अख्खं अंग फिरवून हात ओढायला जागा नसते. सगळा खेळ कोपर आणि मनगटाच्या एका झटक्यात. तळहात आकाशाकडे राहायला हवा. झटक्यात तो किंचित जरी पालथा झाला तर डिस्क लटपटत सुटते, आणि लटपटणारी डिस्क तिच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त कलंडते. अल्टिमेटमध्ये फ्लिक शिकवताना बाहेरची कड खाली ठेवायला सांगतात ना, ती सवय सोडू नका, इथे ती आणखी कामाची आहे. फरक एवढाच की अल्टिमेटची डिस्क १७५ ग्रॅमची आणि सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाची, तर गोल्फची जवळपास तेवढ्याच वजनाची पण २१ सेंटिमीटरची, आणि बरंचसं वजन कडेत. १९८३ मध्ये इनोव्हाच्या डेव्ह डुनिपेसने तिरप्या कडेची ईगल ही डिस्क आणली, तोवर गोल्फसुद्धा साध्या फ्रिस्बीच्या जातीच्या डिस्कनीच खेळत. त्या तिरप्या, धारदार कडेने लांबी वाढवली आणि मनगटाच्या चुकांची शिक्षाही वाढवली.

बोटांचं सांगतो, कारण दुकानात किंवा साइटवर हे कुणी सांगत नाही. फोरहँडमध्ये अंगठा वर, मधलं बोट कडेच्या आतल्या भिंतीला टेकलेलं, तर्जनी त्याला चिकटून. अल्टिमेटवाले पुष्कळदा तर्जनी पसरून तळाला आधार देतात. गोल्फच्या डिस्कला दोन्ही बोटं जोडून धरा, जोर वाढतो. डिस्क सुटते ती मधल्या बोटावरून, म्हणून ती भिंत किती उंच आणि कड किती रुंद, यावर पकड ठरते. डिस्ट्रॉयरची कड २.२ सेंटिमीटरच्या आसपास रुंद आहे, आणि नियमाने २.६ पर्यंत चालते. बोटं आखूड असतील तर एवढ्या रुंद कडेवर अंगठा आणि मधलं बोट यांची चिमूट घट्ट बसत नाही, आणि लटपट तिथूनच सुरू होते. उलट टोकाला एव्हिआरसारखा खोल पटर, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क. त्याची कड अरुंद पण उंच, अंगठा आणि बोटांच्या मध्ये पोकळी राहते. बॅकहँडला तो सुरेख जातो, फोरहँडला डुगडुगतो. काही डिस्कच्या कडेला खालच्या बाजूने बारीक गोल उंचवटा असतो, त्याला बीड म्हणतात. इनोव्हाच्या रॉकला आहे, गेटरला आहे. मला तो बोटाला खुपतो. माझ्या एका मित्राला त्याशिवाय पकड आल्यासारखीच वाटत नाही, तेव्हा यात माझं ऐकू नका, हातात घेऊन बघा.

झोन मी पहिली सांगितली ती या बोटांपायीच. आकडे ४, ३, ०, ३. पटर आणि मिडरेंज (मधल्या पल्ल्याची डिस्क) यांच्या मधली, चपटी, बसकी, कड हातात अशी बसते की नवख्याचीही चिमूट घट्ट होते. २० ते ५० मीटरवरून बास्केटजवळ टाकायला तिच्यासारखी दुसरी नाही, असं माझं मत. जोरात फेका, हळू फेका, ती कलंडत नाही, शेवटी उजवीकडे वळून निमूट बसते. अल्टिमेटमधून आलेल्याने तर पहिले काही आठवडे हीच फेकावी. झोन मिळाली नाही तर वेस्टसाइड कंपनीची हार्प घ्या, आकडे तेच आहेत.

फायरबर्ड ही फोरहँडवाल्यांची जुनी लाडकी. २०१७ ची युनायटेड स्टेट्स डिस्क गोल्फ चॅम्पियनशिप जिंकलेला नेट सेक्स्टन फोरहँडसाठीच ओळखला जातो, आणि त्याच्या नावाच्या खास फायरबर्ड निघतात. त्या महाग असतात, तुम्ही साधीच मागवा. हिची लटपट सहन करण्याची ताकद मोठी. समोरून वारा असला की कुठलीही डिस्क जास्त कलंडते, आणि उन्हाळ्यात दुपार झाली की आपल्याकडे वारा कुठून येईल याचा भरवसा नाही. तेव्हा ही एकच बाहेर काढायची. लांबी फार मिळणार नाही, कारण ग्लाइड ३ च आहे. पण कुठे पडणार ते आधी सांगता येतं.

मात्र नुसती फायरबर्ड फेकत राहिलात तर मनगट पालथं होतंय हे तुम्हाला कधी कळणारच नाही. ती दोष पोटात घालते. म्हणून टीबर्ड: ७, ५, ०, २. नीट सुटली तर लांबवर सरळ जाते आणि शेवटी हलकी उजवीकडे. लटपटली तर लगेच डावीकडे कलून चुगली करते. सरावाच्या दिवशी दोन्ही आलटून पालटून फेका. टीबर्ड सरळ जायला लागली की मग वेगाच्या डिस्कचा विचार करायचा, आणि तेव्हाही थंडरबर्डपर्यंतच, म्हणजे ९, ५, ०, २. डिस्ट्रॉयर त्यानंतर. तिला घाई नाही.

प्लास्टिकचं थोडक्यात. स्वस्त प्लास्टिक, म्हणजे इनोव्हाचं डीएक्स, झाडाला-दगडाला आपटून लवकर झिजतं, आणि झिजलेली डिस्क जास्त कलंडू लागते. फायरबर्ड नेमकी न कलंडण्यासाठी घेतोय, म्हणून ती चॅम्पियन किंवा स्टारमध्ये. चॅम्पियन टणक, स्टार जरा मऊ आणि घामट हाताला बरी. टीबर्ड मात्र वापरलेली मिळाली तरी चालेल. तिकडे काही दुकानांत जुन्या डिस्क विकायला असतात, भावाला विचारायला सांगा. तळाला कुणाचं नाव-नंबर लिहिलेलं असलं तर दचकू नका, हरवली तर परत मिळावी म्हणून सगळेच लिहितात. तुम्हीही लिहा.

वजनाचा नियम असा की व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. २१.२ सेंटिमीटरच्या डिस्कला म्हणून १७५-१७६ ची मर्यादा येते. झोन १७३-१७४ ची घ्या, भारी असली की वाऱ्याला दबत नाही. फायरबर्ड आणि टीबर्ड १६७ ते १७० मध्ये. चार-पाच ग्रॅम कमी असले की कोपराला आराम. फोरहँडचा ताण कोपराच्या आतल्या बाजूला येतो, आणि थंड हाताने पहिलीच फेक पूर्ण जोरात मारणारे लवकरच खांदा-कोपर धरून बसतात.

नागपूरचं म्हणून दोन गोष्टी. एप्रिल-मेमध्ये डिस्क गाडीच्या डिकीत ठेवू नका. ४५ अंशांच्या दुपारी बंद गाडीत प्लास्टिक मऊ पडतं, त्यावर दुसरं सामान असलं तर डिस्क वाकडीच होते. आणि आपली काळी माती. उन्हाळ्यात ती दगडासारखी, भेगाळलेली. त्यावर फायरबर्ड टेकली की उसळून आणखी उजवीकडे सरकत जाते, तो हिशोब धरून फेकायची. पावसाळ्यात तीच डिस्क चिखलात पडल्या जागी रुतते, आणि गाजरगवत-तरोटा वाढला की शोधत बसा. म्हणून रंग भडक मागवा, गुलाबी किंवा नारंगी. हिरवी तर अजिबात नको.

जागा म्हणाल तर कस्तुरचंद पार्कसारखं मोठं मोकळं मैदान बरं, तेही उजाडताच, क्रिकेटवाले यायच्या आत. ही अल्टिमेटची डिस्क नाही, धारेची कड लागली तर फिरायला आलेल्या काकांचं डोकं फुटेल. अंबाझरी आणि फुटाळ्याच्या काठी फेकू नका, या डिस्क बहुतेक बुडतात. बास्केट नसलं तरी अडत नाही, सुरुवातीला हा खेळ झाड-खांबांनाच लक्ष्य करून खेळायचे. कडुनिंबाचं खोड धरा. बाभूळ नको, डिस्क काढताना रक्त निघतं. बघणारे बोलतीलच. आमच्या गल्लीतला एक जण दर वेळी विचारतो, "काहून बे, येवढी महागाची थाळी फेकून राह्यला अन् मग स्वतःच आनून राह्यला?" त्याला अजून तरी माझ्याकडे उत्तर नाही.

भावाला पाठवायचा मेसेज असा लिहा: डिस्क्राफ्ट झोन, झेड किंवा ईएसपी प्लास्टिक, १७३ ते १७४. इनोव्हा फायरबर्ड, चॅम्पियन किंवा स्टार, १६७ ते १७०. इनोव्हा टीबर्ड, कुठल्याही प्लास्टिकची, जुनी चालेल, १६७ ते १७०. रंग भडक, गुलाबी किंवा नारंगी, हिरवा अजिबात नको. चौथी आणायचा फारच हट्ट धरला तर आणखी एक झोन. एकाच जागेवरून दोन झोन लागोपाठ फेकता आल्या की धावपळ निम्मी होते.