वडिलांचा तीन वर्षं उभा असलेला ट्रक सुरू करायचा आहे. नवीन बॅटऱ्या लावून थेट चावी मारली तर चालेल का?

नको. बॅटऱ्या आणल्या असतील तर आत्ता घरातच राहू द्या.

तुम्ही लिहिलंय की सहा सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन आहे, डिझेल पंप मेकॅनिकल इनलाइन, ब्रेक एअरचे. वडिलांनी शेवटच्या फेरीनंतर शेडमध्ये लावला तो तसाच उभा आहे आणि तुम्हाला त्याचा आवाज पुन्हा एकदा ऐकायचा आहे. ऐकता येईल. फक्त त्याआधी तीन-चार दिवसांचं काम आहे आणि त्यातलं बरंचसं चावीला हात न लावता करायचं आहे.

पुसापुशीच्या आधी फोटो काढा. डॅशबोर्डखाली, इंजिनभोवती, टूलबॉक्समध्ये, सगळीकडचे. हे आठवण म्हणून तर आहेच, पण कामाचंही आहे. फिल्टरवर मार्करने लिहिलेली तारीख आणि किलोमीटर, तारेने आवळलेला एखादा पाइप, डॅशबोर्डखाली वेगळा बसवलेला स्विच, ही सगळी त्यांनी मागे ठेवलेली माहिती आहे. तारेने बांधलेलं दिसलं तर त्याला हयगय म्हणू नका. तिथे काहीतरी सैल होत होतं हे त्यांना ठाऊक होतं आणि आता ते तुम्हाला बघायचं आहे. डायरी सापडली तर किती किलोमीटरला किती लिटर ऑइल टॉपअप केलं ते शोधा. इंजिनाची तब्येत त्या आकड्यावरून बरीच कळते.

आता डिझेल. तीन वर्षांचं डिझेल वापरू नका. टाकीत ओल साठते, पाणी तळाशी बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढून काळा चिकट गाळ होतो. टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग खोलून पहिलं एक लिटर पारदर्शक बाटलीत घ्या आणि तासभर स्थिर ठेवा, पाणी खाली वेगळं दिसेल. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, दोन्ही डिझेल फिल्टर बदला आणि आणखी एक जोड जवळ ठेवा. उरलेला गाळ पहिल्या काही तासांतच फिल्टर चोक करतो आणि मग लोक पंपाला दोष देतात.

पंपाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण खरा धोका तिथे आहे. इंजिन बंद असताना गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, वजनं मिटलेली असतात, त्यामुळे स्प्रिंग पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, ढकलून जास्तीत जास्त डिझेलच्या बाजूला ठेवते. सुरू होताना जादा डिझेल मिळावं म्हणून ती तशी रचना आहे. तीन वर्षांत डिझेल सुकून प्लंजर (पंपातले डिझेल दाबणारे दट्टे) चिकटले, तर रॅक तिथेच अडकतो. इंजिन सुरू झालं की आरपीएम चढतच जातात. गव्हर्नर रॅक मागे ओढू शकत नाही आणि इंजिन बंद करायची स्टॉपची केबलही त्याच रॅकला ओढते, म्हणून तीही निकामी. काही सेकंदांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात किंवा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

म्हणून पंपाच्या बाजूचं झाकण खोलून रॅक बोटाने सरकवून बघा. सहज सरकला पाहिजे आणि सोडल्यावर परत आला पाहिजे. नुसती स्टॉपची लिव्हर हलवून समाधान मानू नका. बऱ्याच गव्हर्नरमध्ये मधे स्प्रिंग असते, लिव्हर हलते आणि रॅक जागचा हलत नाही. चिकटला असेल तर गंज सोडवणारं तेल सोडून एक-दोन दिवस थांबा. तरीही ढिम्म असेल तर पंप उतरवून कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या. स्क्रूड्रायव्हरने ठोकाठोकी करू नका.

एवढं करूनही पहिल्या स्टार्टच्या वेळी एअर फिल्टरचा पाइप काढून ठेवा. त्याने उंदराचं घरटं आहे का तेही दिसतं. हवा जिथून आत जाते त्या तोंडापेक्षा मोठी प्लायवूडची फळी हातात घेऊन एक माणूस तिथे उभा करा. इंजिन बेलगाम सुटलं तर फळी दाबून हवा बंद करायची, तोच सगळ्यात झटपट उपाय हातात असतो. तळहात किंवा कापड लावू नका, कापड आत ओढलं जातं.

इंजिन मोकळं आहे का ते स्टार्टरने तपासायचं नसतं. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये १५ ते २० मिली इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग गिअर न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या नटला सॉकेट आणि लांब दांडा लावून, इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने हाताने फिरवा. दोन पूर्ण फेरे, म्हणजे सगळ्या सिलिंडरची सायकल पुरी होते. टॅपेट कव्हर काढलेलं असू द्या आणि प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतोय ना ते बघा; एखादा अडकून राहिला तर पुशरॉड वाकतो. फिरता फिरता कडक अडला तर थांबा, जोर लावू नका. नोझल परत बसवायच्या आधी, त्यापुरत्या बॅटऱ्या जोडून, थोडं क्रँक करून (स्टार्टरने इंजिन फिरवून) वरचं जादा ऑइल उडवून टाका, कारण द्रव दाबला जात नाही आणि रॉड वाकतो. त्या वेळी तोंड इंजिनावर नेऊ नका. नोझलखालचे तांब्याचे वॉशर नवेच घाला.

ऑइल बदलताना चेंबरमधून (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातून) आधी काय येतं ते बघा. पाणी आधी आलं किंवा ऑइल दुधाळ असेल तर बहुधा सिलिंडर लायनरचे ओ-रिंग किंवा हेड गॅस्केट गेलंय, आणि मग पुढचं सगळं थांबवून ते काम आधी. रेडिएटरमध्ये नवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. पंखा-पट्टे, होस पाइप दाबून बघा, भेगा पडल्या असतील तर बदला.

मग बॅटऱ्या. २४ व्होल्टची गाडी असेल तर १२ च्या दोन्ही एकदमच नव्या घ्या. एक जुनी एक नवी लावली की नवीही लवकर जाते. फिल्टर डिझेलने भरून हँड प्रायमर मारा, आधी फिल्टरचा, मग पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे बंद होईपर्यंत एअर काढा. स्टॉप ओढून धरूनच दहा-दहा सेकंद क्रँक करा, मधे दोन मिनिटं थांबून, नाहीतर स्टार्टर जळेल. ऑइल प्रेशर दिसेपर्यंत हेच. त्यानंतर स्टॉप सोडा, नोझलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून डिझेल येईपर्यंत क्रँक करा आणि आवळा. (पाइप सैल करून एअर काढणं फक्त या जुन्या पंपांना चालतं. कॉमन रेल, म्हणजे खूप जास्त दाबाच्या नव्या पद्धतीच्या इंजिनवर असं कधीच करू नका, तिथली धार कातडीत घुसते.)

सुरू झालं की दहा सेकंदांत ऑइल प्रेशर आलं पाहिजे, नाही आलं तर लगेच बंद करा. रेस देऊ नका, आयडलवर ठेवा. शेडचे दरवाजे सताड उघडे हवेत. सुरुवातीचा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही पांढराच राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतोय. निळा म्हणजे ऑइल, पण सिलिंडरमध्ये आपणच सोडलेलं जळायलाही थोडा वेळ लागतो.

इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी हलवायची असं नाही. हँडब्रेक लावून उभी असेल तर ब्रेकचे लायनर ड्रमला गंजाने चिकटलेले असतात. गिअर टाकून जोर दिला तर लायनर शूवरून उखडतो. चाकांना ओंडके लावा, हवेच्या टाक्यांतलं पाणी ड्रेन करा, हवा भरू द्या, मग हँडब्रेक सोडून ड्रमवर हातोड्याने हलके ठोके मारा. स्प्रिंग ब्रेक (हवा नसताना स्प्रिंगने लागून राहणारा ब्रेक) सुटायला साधारण ५ ते ६ बार लागतात. हवा टिकत नसेल तर साबणाच्या पाण्याने गळती शोधा. स्प्रिंग ब्रेकच्या चेंबरचा क्लॅम्प मात्र स्वतः खोलू नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस मारते.

टायरचंही तसंच. कडेवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. पूर्ण बसलेल्या टायरमध्ये जागेवरच हवा भरू नका, आतले तार तुटलेले असले तर बाजू फाटून स्फोट होतो. चाक उतरवून टायरवाल्याकडे लोखंडी सुरक्षा-पिंजऱ्यातच भरून घ्या. टायर धरून ठेवणारी वेगळी रिंग असलेली चाकं असतील तर दुप्पट काळजी घ्या. ग्रीसिंग, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल रस्त्यावर नेण्याआधी.

पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायची सवय लावू नका, त्याने उलट आत पाणी साठतं. महिन्यातून एकदा, पण अर्धा तास, लोड घेऊन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा.

आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर फोन बॉनेटजवळ नको, ड्रायव्हरच्या सीटवर डोक्याच्या उंचीला बांधा, काचा लावून. वडिलांनी तो तिथून ऐकला. सीट त्यांनी लावलेली आहे तशीच असेल तर सरकवण्याआधी खाचेवर खूण करा. आणि थंड इंजिनाची ती पहिली ठकठक, जी गरम झाल्यावर कमी होते, तीही हवी असेल तर रेकॉर्डिंग स्टार्टच्या आधी चालू करा. ती हुकली तर इंजिन पुन्हा पूर्ण थंड होईपर्यंत कित्येक तास थांबावं लागतं.