त्वचेची विचारपूस : बागेतली थंडी आणि उललेले हात

प्रश्न : डॉक्टर ताई, मी दिंडोरी तालुक्यातली. द्राक्षाच्या टोळीत कामाला जाते. सध्या थिनिंग (घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढणं) आणि डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) चालू आहे. दरवर्षी थंडी पडली की माझे हात उलतात. बोटांच्या पेरांवर आणि अंगठ्याच्या कडेला चिरा पडून रक्त येतं. भाकरीचं पीठ मळायला घेतलं की मिठाने जीव जातो. शेजारणीने लिंबू-ग्लिसरीन सांगितलं, त्याने आगच झाली. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, तिने लगेच गुण आला, पण बंद केली की पुन्हा तेच. काय करू?

उत्तर : ताई, अंगठ्याच्या कडेचं वाचलं आणि लगेच लक्षात आलं, ही कात्रीची जागा. थिनिंगची कात्री दिवसभर चालवणाऱ्या बाईचा हात मी बोट सरळ करून बघते, तेव्हा पेराची चीर उघडते आणि आत लाल रेघ दिसते. माझं माहेर ओझरकडचं, घरची बाग होती, त्यामुळे असे हात मी लहानपणापासून बघते आहे. 'बागेत काम म्हटलं की हात फुटायचेच' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तसं काही नाही. हे बरं होतं.

आता कारण बघा. निफाडला पारा काही वेळा ५ अंशांच्याही खाली जातो, हवा कोरडी होते, हे खरं. पण थंडी तर मालकालाही वाजते आणि त्याचे हात एवढे उलत नाहीत. फरक पाण्याचा आणि साबणाचा आहे. सकाळच्या गारठ्यात तुमचे हात औषधाच्या पाण्यात, घरी आल्यावर भांड्यांत आणि धुण्यात. त्वचेच्या वरच्या थरात जी नैसर्गिक चरबी असते, ती तिचा ओलावा धरून ठेवते. ओले-कोरडे, ओले-कोरडे होत राहिलं की ती निघून जाते. त्यात त्वचा थोडी आम्लधर्मी, सामू (पीएच) साधारण ५, आणि कपड्याचा साबण क्षारधर्मी, ९-१० च्या घरातला. हाताला बसलेले डाग काढायला तो घासला की उरलीसुरली चरबीही जाते.

म्हणून कुठलं क्रीम लावू, याच्या आधी हात कशाने धुता ते बदला. धुण्याची पावडर, कपड्याची वडी हाताला नको. अंगाचा साधा, कमी वासाचा साबण आणि कोमट पाणी घ्या. पानाचा, चिकाचा डाग असेल तर आधी थोडं खाण्याचं तेल चोळा, फडक्याने पुसा, मग धुवा. मात्र फवारणीचं औषध अंगावर उडालं असेल तर तेल अजिबात लावायचं नाही. तिथे ताबडतोब साबण आणि भरपूर पाणी.

धुतल्यावर हात टिपून घ्या आणि अजून किंचित ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावा. दोन-तीन मिनिटांच्या आत. हात पूर्ण वाळल्यावर लावली तर निम्मा फायदा जातो, कारण जेली ओलावा देत नाही, असलेला अडवते. छोटी डबी स्वयंपाकघरात पाण्याच्या नळाजवळ ठेवा. कपाटात ठेवलेली डबी कुणी काढत नाही.

हातमोज्यांचं मुकादमाशी बोलावंच लागेल. जाड रबरी मोज्यात कात्री नीट धरता येत नाही, हे मान्य. पण निळे, पातळ नायट्राईलचे मोजे मेडिकलमध्ये शंभराच्या खोक्यात मिळतात, त्यात मणी बोटाला कळतात. आत घाम आला की काढायचे, हात पुसायचे, दुसरे घालायचे. ओल्या मोज्यात दिवस काढणं म्हणजे हात पाण्यातच ठेवणं. डिपिंगला तर मोजे हवेतच, कारण जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड, मणी वाढवायचं संजीवक) आधी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवतात आणि अ‍ॅसिटोन त्वचेची चरबी ओढतो. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून ते रसायन काडीला लावणं, असतं, ते उघड्या हाताने कुणीही करू नये. त्याने त्वचा भाजते. मालकाने मोजे दिले नाहीत तर टोळीने मिळून मागा. तो तुमचा हक्क आहे.

रात्री झोपताना चिरांमध्ये जेली भरा आणि वरून सुती मोजे घाला. नसतील तर जुने स्वच्छ सुती पायमोजे चालतात. तळव्यावर कातडी जाड झाली असेल तिथे १० टक्के युरियाचं क्रीम चांगलं, पण उघड्या चिरेवर नको, झोंबतं. चिरा भरेपर्यंत चार दिवस पीठ दुसऱ्या कुणाला मळू द्या. घरात पुरुषमाणसं असतील तर त्यांनाही हात आहेत.

लिंबू बंद. उघड्या जखमेवर ते आम्ल, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे उठतात. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन लिहिलंय का बघा. असेल तर ते स्टिरॉइड आहे. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलं तर ते औषध, मनाने महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, आणि गजकर्ण असेल तर ते लपून पसरतं.

एक गोष्ट मात्र आजच करा. डोळे मिटून, दुसऱ्याला कापसाने चिरेच्या आसपास हलकेच स्पर्श करायला सांगा. चीर पडली आहे आणि तिथे दुखत नाही, स्पर्शही कळत नाही, असं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. बधिरपणा हे कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. त्याचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि लवकर सुरू केले तर हाताला काही होत नाही. लपवू नका, कुणाला लपवायला लावू नका. तसंच एकच हात सोलत असेल आणि पायांनाही खाज असेल, किंवा चिरेतून पू येत असेल, तर घरी थांबू नका. नाशिकला जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

प्रश्न : मी पंचवटीत घरून मिसळीचा मसाला करून देते. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोनच बोटं फुटतात, सोलतात. उजवा हात ठणठणीत. रबरी मोजे घातले तरी फरक नाही.

उत्तर : तुम्ही उजव्या हाताने सुरी धरता ना? मग डाव्या हाताच्या याच तीन बोटांत लसूण असतो. बोटांवरचा हा नकाशा आम्हा त्वचेच्या डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. लसणातल्या डायअलाइल डायसल्फाइड या द्रव्याची अ‍ॅलर्जी येते आणि ते रबरी मोज्यातूनही आत झिरपतं, म्हणून तुमचे मोजे निरुपयोगी ठरले. दोष तुमचा नाही. तीन आठवडे लसूण दुसऱ्या कुणाला सोलू आणि चिरू द्या. बोटं सुधारली तर उत्तर मिळालं. खात्रीसाठी पॅच टेस्ट करता येते, पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात. मसाल्याचा व्यवसाय सोडायची गरज नाही, फक्त लसणाचं काम दुसऱ्याच्या हाती द्या.

प्रश्न : आमच्या आजी हातापायांच्या भेगांना कोकमाचं तेल लावतात. सून महागडं क्रीम आणते. कुणाचं ऐकू?

उत्तर : आजींचं ऐकायला माझी हरकत नाही. कोकमतेल घट्ट असतं, कपभर गरम पाण्यात वाटी ठेवून पातळ करा, कोमट झालं की रात्री धुतलेल्या हातांना लावा. सुनेचं क्रीम वाया घालवू नका, दिवसा चिकटपणा नको असतो तेव्हा तेच बरं. फक्त त्यात वास नसलेलं निवडायला सांगा, सुगंधाने फुटलेल्या हातांना खाज सुटते.