पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने छेद काढायला कुठे शिकावे?

छेद म्हणजे इमारत किंवा तिचा एखादा भाग उभा कापला तर कसा दिसेल, हे दाखवणारे रेखाचित्र. तो शिकताना वास्तुकलेच्या पहिल्याच वर्षी संगणकावर आराखडे काढण्याची घाई करू नका. आधी वही घेऊन मुंबईच्या ओव्हल मैदानावर जा. पूर्वेला उच्च न्यायालय व राजाबाई टॉवर या दगडी गॉथिक (टोकदार कमानींच्या शैलीतील) वास्तू आणि पश्चिमेला १९३०च्या दशकातील काँक्रीटच्या आर्ट डेको (भौमितिक सजावटीच्या शैलीतील) इमारती समोरासमोर उभ्या आहेत. हा सारा समूह २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिथल्या एकाच खिडकीवरचा छज्जा निवडा. तो भिंतीबाहेर किती आला आहे, कोपऱ्यावर कसा वळतो, पाणी भिंतीकडे ओघळू नये म्हणून खालच्या कडेला खाच ठेवली आहे का, हे पाहून त्याचा छेद हाताने काढा. रहिवाशांची परवानगी मिळाली, तर पावसाळ्यात ओल नेमकी कुठे येते हे त्यांना अवश्य विचारा, कारण ही माहिती कोणत्याही नकाशात सापडत नाही.