वेरूळचे दोन रावण: कैलास लेणे आणि धुमार लेणे यांतील कोणते शिल्प सरस?

आपण विचारले आहे की रावणाने कैलास पर्वत हलवला हा एकच प्रसंग वेरूळला कैलास लेण्यात (क्रमांक १६) आणि धुमार लेण्यात (क्रमांक २९) कोरलेला आहे, तर या दोन शिल्पांची तुलना कशी करावी आणि त्यांतले सरस कोणते. प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला बहुतेक जण डोळे झाकून ‘कैलासातले’ असे उत्तर देतील. ते डोळे झाकून दिलेले असते, एवढ्याच कारणाने मला ते मान्य नाही. या प्रश्नाशी माझे जुने भांडण आहे, हे आधीच सांगून टाकतो.

१९८७ च्या डिसेंबरात आमच्या कलामहाविद्यालयाची तीन दिवसांची अभ्याससहल वेरूळला गेली होती. आम्ही दुसऱ्या वर्षाचे चौदा विद्यार्थी होतो. कलेतिहास शिकवणारे आमचे सर व्यासंगी होते आणि त्यांच्यामुळेच मला लेणी पाहण्याचे वेड लागले, हे कबूल केले पाहिजे. पण त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते वर्षभर घोकून घेत: उठाव, म्हणजे आकृती मागच्या दगडातून जितकी पुढे येते तो, जितका खोल, तितके शिल्प प्रगत. भिंतीला चिकटलेल्या आकृतीपासून चहूबाजूंनी सुट्या झालेल्या मूर्तीपर्यंतचा प्रवास म्हणजे शिल्पकलेचा विकास. या हिशेबाने सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातले धुमार लेणे ही एक पायरी ठरत होती, आणि आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले कैलास लेणे हा कळस. आम्हाला दिलेले काम होते कैलासातील रावणाचे अभ्यासचित्र. धुमार लेण्याकडे जाण्याची गरज नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

मी पहिल्या दिवशी कैलासातले रेखाटन उरकले आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच धुमार लेण्याकडे चालत गेलो. पावसाळ्यात या लेण्याशेजारी येळगंगेचा धबधबा कोसळतो, त्याच्या खालच्या डोहाला सीतेची न्हाणी म्हणतात. डिसेंबरात तिथे पाण्याचा आवाज जवळजवळ नव्हता. पायऱ्यांवरच्या सिंहांमधून आत गेलो आणि पश्चिमेकडच्या दर्शनी भागातल्या त्या प्रचंड शिल्पपटासमोर बसलो. समोरच्या टोकाला अंधकासुरवध आहे, इकडे रावण. वर शिवपार्वती, भोवती गणांची दाटी, खाली अनेक हातांचा आणि अनेक तोंडांचा रावण पर्वताला भिडलेला. हे सगळे अपेक्षेप्रमाणेच होते. मग त्या गर्दीत मला एक ठेंगणा गण दिसला. तो रावणाला आपला पार्श्वभाग उघडा करून दाखवत आहे. पार्श्वभाग हा माझा शब्द झाला. शिल्पकाराने इतका सभ्य शब्द वापरलेला नाही.

मला हसू आले आणि मी तासभर तिथून हललो नाही. ज्याने तो गण कोरला त्याला रामायणाच्या उत्तरकांडातली गोष्ट नीट ठाऊक होती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. पुष्पक विमान अडल्यावर रावणाला वाटेत नंदी भेटतो, रावण त्याचे वानरासारखे तोंड पाहून खदाखदा हसतो, आणि त्या हसण्यातून नंदीचा शाप उद्भवतो. म्हणजे पर्वताला हात घालण्याआधी रावणाने शिवाच्या सेवकाची टर उडवलेली आहे. धुमार लेण्यात शिवाचा एक क्षुद्र सेवक ती टर व्याजासह परत करतो. पर्वत डोक्यावर कलंडायला आलेला असताना या गणाला असले चाळे सुचतात, याचा अर्थ पर्वत पडणार नाही याची त्याला पुरती खात्री आहे. शिवाचे सामर्थ्य दाखवण्याची याहून साधी युक्ती मी दुसऱ्या कोणत्याही लेण्यात पाहिलेली नाही.

मी अर्ध्या इम्पीरियल कागदावर दोन्ही शिल्पे शेजारीशेजारी, एकाच आकारात, चारकोलमध्ये काढली आणि खाली चार ओळींत हेच लिहिले. रात्री मुक्कामाच्या खोलीत सगळ्यांची चित्रे भिंतीला टेकवून ठेवली होती. सर एकेक पाहत आले, माझ्या कागदापाशी थांबले, गणावर बोट ठेवले आणि म्हणाले, “सबंध वेरूळमध्ये तुम्हाला एवढेच दिसले?” खोली हसून हसून लोळली. कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने शेरा पडला: ‘प्रमाण चुकले. गण मोठा. विषय क्षुल्लक.’ पन्नासपैकी एकोणीस गुण मिळाले. पुढचा सगळा अभ्यासक्रम संपेपर्यंत मला वर्गात गणोबा म्हणत, आणि माझ्या लग्नाच्या पंगतीतही दोन मित्रांनी भरल्या ताटावरून तीच हाक मारली.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. माझ्या त्या चित्रात खरोखरच एक मोठी चूक होती, आणि ती सरांनी दाखवली नाही. दोन्ही शिल्पे एका आकारात शेजारीशेजारी काढणे, हीच ती चूक. पुस्तकात किंवा मोबाइलवर दोन छायाचित्रे जुळवून तुलना करणारे सगळे जण तीच करतात. असे केले की दोन्ही शिल्पे आपापल्या जागेवरून उचकटली जातात, आणि या दोन शिल्पांच्या बाबतीत जागा काढून घेतली तर निम्मा अर्थ जातो.

कैलास लेण्यातला रावण कुठे आहे ते आठवा. तो मंदिराच्या दक्षिण बाजूला, मंडपाच्या खालच्या जोत्यात, रामायणपटापासून काही पावलांवर आहे. दगड आतपर्यंत खोदून तिथे एक खोल पोकळी केली आहे आणि त्या पोकळीत रावण मागच्या दगडापासून जवळजवळ सुटा कोरला आहे. त्याचे हात चाकाच्या आऱ्यांसारखे चहूकडे पसरतात. काही तुटले आहेत, पण जोर तुटलेला नाही. अंगणातून पाहणाऱ्याला आधी अंधार दिसतो आणि डोळे सरावल्यावर त्या अंधारात राबणारे शरीर. त्याच्या डोक्यावर शिवपार्वती बसले आहेत, आणि त्यांच्याही वर मंडप, शिखर असे सगळे मंदिर उभे आहे. मंदिरालाच कैलास म्हणायचे असेल तर रावण हलवतो आहे तो पर्वत कोरून दाखवण्याची गरजच उरत नाही, आपण ज्याच्या अंगणात उभे आहोत तोच तो पर्वत. शिल्पपटाची चौकट कुठे संपते आणि इमारत कुठे सुरू होते, हे तिथे उभे राहून सांगता येत नाही. मी १९८७ साली वरच्या मंदिराची एकही रेघ काढली नव्हती. गुण कापायचे होते तर त्यासाठी कापायला हवे होते.

कैलासातली पार्वती हा वेगळाच विषय आहे. तिचा तोल गेला आहे, ती अर्धवट रेलली आहे आणि तिने शिवाचा हात घट्ट धरला आहे. संस्कृत कवी माघाने आपल्या ‘शिशुपालवध’ काव्याच्या पहिल्या सर्गात या प्रसंगावर एक खट्याळ कल्पना केली आहे: रावणाने पर्वत उचलला तेव्हा घाबरलेल्या पार्वतीने आपण होऊन शिवाला मिठी मारली, आणि त्या सुखाने रावणाने शिवाच्या वरदानाची किंमत फेडली. तो श्लोक वाचल्यानंतर मी रावणाच्या हातांऐवजी पार्वतीचा हात आधी पाहू लागलो. तिच्या शेजारून एक दासी आपल्याकडे पाठ करून पळत सुटली आहे. पुढे मी शाळेत चित्रकला शिकवू लागलो आणि इंटरमिजिएटला बसलेल्या मुलामुलींना दरवर्षी वेरूळला नेऊ लागलो, तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले होते, “सर, ती बाई पळून जाणार कुठे? सगळाच डोंगर हलतोय ना?” मी कलेतिहासाची जी काही पुस्तके वाचली, त्यांत दासीबद्दल इतका चपखल प्रश्न मला सापडला नाही. शिव मात्र जागचा हललेला नाही, त्याच्या पायाचा दाब तेवढा खाली पोचतो आहे. घाबरलेली दासी, बिलगलेली पार्वती, निवांत शिव आणि खाली घुसमटणारा रावण अशा चार अवस्था एकाच क्षणात बांधल्या आहेत.

धुमार लेण्यात असा एक क्षण पकडण्याचा प्रयत्नच नाही. तिथे आपण अंगणात नसून मोठ्या खांबांच्या लेण्यात असतो. लेणे तीन बाजूंनी उघडे आहे, त्याचा आराखडा घारापुरीच्या मुख्य लेण्याशी मिळताजुळता आहे, आणि प्रकाश बाजूने तिरका येतो. अशा प्रकाशात खोल पोकळी खणली असती तर आतले काहीच दिसले नसते. म्हणून तिथल्या कारागिरांनी आकृत्या मोठ्या ठेवल्या, उठाव भिंतीच्या अंगाने ठेवला आणि गोष्ट सगळ्या पटावर पसरली. पाहणारा त्यात डोळ्याने हिंडतो, एकेक गण शोधतो, आणि शेवटी त्या आगाऊ गणापाशी पोचतो. उठाव किती खोल असावा, हे प्रकाशाने आणि जागेने ठरवलेले आहे. दोन शतकांत कारागीर अधिक शहाणे झाले म्हणून कैलासातला उठाव खोल झाला, हे म्हणणे म्हणजे आजोबांनी विहीर खणली आणि नातवाने बोअर घेतली म्हणून नातू अधिक बुद्धिमान, असे म्हणण्यासारखे आहे. विकासाच्या पायऱ्या मोजण्याची ही खोड शिकवणाऱ्याला सोयीची असते, कारण तिच्यामुळे परीक्षेत प्रश्न काढता येतो.

तेव्हा तुलना करायचीच असेल तर आधी दोन्ही ठिकाणी स्वतः उभे राहा, आणि शिल्पात काय आहे हे पाहण्याआधी शिल्पकाराने आपल्याला कुठे उभे केले आहे ते पाहा. उजेड कुठून येतो ते पाहा. लेण्यांची तोंडे पश्चिमेला असल्याने धुमार लेण्यातला पट दुपार कलल्यावर उजळतो. कैलासातला रावण मी बहुतेक वेळा सावलीतच पाहिला आहे आणि तो तसाच पाहावा असे माझे मत आहे. त्याच्यावर टॉर्च मारणाऱ्या माणसाशी माझे एकदा तिथेच वाजले होते.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. कैलासातला रावणपट मंदिराच्या मूळ कामानंतर कोरला असावा, असे मत काही अभ्यासकांनी मांडलेले आहे. ते खरे असेल तर मंदिर आणि शिल्प यांच्या एकजिनसीपणाबद्दल मी वर जे लिहिले त्याचे श्रेय मूळ आराखड्याला न देता नंतरच्या कोणा चतुर कारागिराला द्यावे लागेल. दुसरे असे की कैलास मंदिरावर एके काळी पांढरा गिलावा आणि रंग होता. स्थानिक लोक त्याला रंगमहाल म्हणत, आणि गिलाव्याचे अवशेष आजही दिसतात. म्हणजे उघड्या काळ्या पाषाणाच्या गांभीर्यावर आपण जे बोलतो, ते करणाऱ्यांच्या मनात तसे नव्हते. आणि वेरूळला हा प्रसंग फक्त या दोनच ठिकाणी आहे असेही नाही. चौदाव्या क्रमांकाच्या लेण्याला तर ‘रावण की खाई’ हे नावच या प्रसंगाच्या शिल्पावरून पडले आहे. घारापुरीचा पट फार भग्न झाला आहे, पण धुमार लेणे पाहिल्यावर तो पाहिला तर त्यात काय असावे याचा पुष्कळ अंदाज येतो.

आता सरस कोणते? आपण गळ्याशीच आलात म्हणून सांगतो: रचनेचा धाडसीपणा पाहिला तर कैलासातले. हे मी पस्तीस-चाळीस वेळा तिथे जाऊन आल्यावर म्हणतो आहे, कुणाच्या सिद्धांतामुळे नव्हे. पण यावरून धुमार लेण्याकडे जाण्याची गरज नाही असे कुणी म्हटले, तर त्याने दोन्ही शिल्पे पाहिलेली नाहीत असे खुशाल समजा. आणि हे उत्तर देऊनही त्या चित्राला पन्नासपैकी एकोणीस हे गुण मला अन्यायाचेच वाटतात.

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवून जा. धुमार लेण्यात गेलात तर पेन्सिल हात लांब करून धरा आणि त्या गणाची उंची रावणाच्या एखाद्या तोंडाशी ताडून पाहा. कागद माझ्याकडे अजून आहे, कोपऱ्यातली लाल पेन्सिलही पुसट झालेली नाही. इतक्या वेळा जाऊनही मी स्वतः ते माप अद्याप घेतलेले नाही.