टी मॉडेलच्या ड्राइव्ह शाफ्टचा बुश: जुना नमुना देऊन नवा करून घेऊ नका

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. टी मॉडेल फोर्ड, टॉर्क ट्यूबच्या (ड्राइव्ह शाफ्टवरची लांब नळी) पुढच्या टोकाचा बुश (ज्यात शाफ्ट फिरतो ती धातूची नळकांडी) नवा घातला, थोडी गाडी चालली की घरघर परत सुरू, आणि आता वर्कशॉपवाला म्हणतोय, "जुना बुश द्या, तसाच दुसरा काढून देतो." माझ्या गाडीच्या बाबतीत शब्दशः हेच झालं होतं. तेव्हा आधी एवढं ऐका: दुसरा बुश लगेच करायला टाकू नका.

ट्यूब उतरवणं, युनिव्हर्सल जॉइंटची पिन काढणं हे तुम्ही केलेलंच आहे, त्यात शिरत नाही. बसलेला बुश काढण्याआधी त्याच्या तोंडावर वरच्या बाजूला खूण करा. मग काढून हॅक्सॉने उभा चिरा आणि आतला भाग उजेडात धरून नीट बघा. चकाकी पूर्ण लांबीभर एकाच बाजूला असेल, तर शाफ्टचा दाब सतत एकाच बाजूला पडतोय. चकाकी सगळीकडून गोल असेल आणि शाफ्ट मात्र एकाच बाजूने घासलेला असेल, तर शाफ्ट वाकलाय. पण पुढच्या टोकाला वर आणि मागच्या टोकाला खाली (किंवा त्याच्या उलट) अशी तिरकी चकाकी दिसली, तर बुशचा बोअर, म्हणजे आतलं भोक, आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. माझा बुश असाच निघाला होता. मधला भाग तर लेथवरून आत्ताच उतरवल्यासारखा, टूलच्या रेघासुद्धा शाबूत. अशा ठिकाणी कितीही महागाचा मेटल घाला, दोन कडांवर भार येणार आणि बुश संपणार.

आता ज्या गोष्टीने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ती सांगतो. वर्कशॉपचं नाव घेत नाही. मी त्यांना ट्यूब, शाफ्ट आणि नवा बुश करून बसवायचं काम दिलं होतं. त्यांनी जुन्या बुशच्या बाहेरच्या मापावरून नवा बुश केला. जुना बुश ठोकून काढलेला, त्याचं बाहेरचं माप कसलं खरं असणार! तो हाउसिंगमध्ये, म्हणजे ट्यूबच्या टोकाला बुश बसतो त्या जागेत, सैल बसला. तिथे थांबून मला विचारायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी हाउसिंगचाच बोअर "सफाईपुरता" मोठा केला आणि जाड बुश बसवला. मोठा करताना ट्यूबचं पुढचं टोक बाहेरून धरलं, म्हणजे जिथे मशीनिंगच झालेलं नाही अशा ओबडधोबड पृष्ठभागावरून. मागच्या टोकाला डायल (बारीक सरक दाखवणारा काटा) लावून रेषा बघितलीच नाही. ट्यूब लांबलचक, त्यामुळे पुढे पकडीत झालेला जरासा तिरकेपणा मागे जाईपर्यंत भलताच वाढतो.

विचारायला गेलो तर म्हणाले, जुन्या गाड्यांचं असंच असतं, थोडा आवाज राहणारच. मोजमापाचा कागद मागितला, तो नव्हता. मूळ बोअर किती होता, किती काढला, काहीच लिहून ठेवलेलं नाही. बुश फुकट गेल्याचं मला दुःख नाही, बुश दुसरा होतो. हाउसिंगमधून कापून टाकलेला मेटल परत येत नाही. १९२७ मध्ये या गाडीचं उत्पादन थांबलं. बुश बाजारात मिळतो, पण तुमच्या गाडीबरोबर आलेली ट्यूब एकच. लोकांच्या हातात असा भाग देताना काळजी वाटते ती यासाठी. आजही वाटते.

म्हणून माझं ठाम मत: काम देताना कागदावर लिहून द्या की हाउसिंगचा बोअर विचारल्याशिवाय मोठा करायचा नाही. आणि माप जुन्या बुशचं घ्यायचंच नाही. बाहेरचं माप हाउसिंगच्या बोअरवरून, आतलं माप शाफ्टवरून. दोन्ही जागी टोकांना आणि मध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजा. व्हर्नियरवर भागवू नका, बाहेरून मायक्रोमीटर आणि आतून बोअर गेज हवा. शाफ्टवर बुशच्या जागी पायरी लागली असेल किंवा तो अंडाकृती झाला असेल, तर आधी शाफ्ट दुरुस्त करून घ्या. अंडाकृती शाफ्टवर गोल बुश टिकणार नाही.

फिटचं गणित मला उशिरा कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सव्वा इंचाच्या आसपासच्या बोअरमध्ये बुश दीड ते दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्तीचा ठेवून दाबतात. जाड हाउसिंगमध्ये पातळ बुश दाबला की त्याचा आतला बोअर जवळजवळ तेवढाच आवळतो. शाफ्टला क्लिअरन्स साधारण व्यासाच्या दर इंचाला एक ते दीड थाऊ. म्हणजे लेथवरच बोअर फायनल करून, दीड थाऊ क्लिअरन्स ठेवून बुश दाबला, तर दाबल्यावर शाफ्ट आतच जाणार नाही. मग कोणीतरी हाताने एमरी मारतो किंवा एका बाजूने रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) फिरवतो, आणि तिरकेपणा तिथूनही येतो. बोअर मुद्दाम आठ-दहा थाऊ कमी ठेवा आणि दाबल्यानंतरच फिनिश करा. रीमरला लांब दांडा जोडा आणि ट्यूबच्या मागच्या टोकाला, जिथे हायट रोलर बेअरिंगची स्लीव्ह बसते, तिथे घट्ट बसणारी गोल चकती टर्न करून तिच्या मधल्या भोकातून तो दांडा न्या. मग रीमरला मागची रेषा सोडून भरकटता येत नाही. चांगला टर्नर हेच काम ट्यूब लेथवर स्टेडी (लांब भागाला मधे आधार देणारं साधन) लावून, मागून डायलने सेंटर करून बोअरिंगनेही करेल. माझी ट्यूब शेवटी तशीच वाचली: स्टीलची स्लीव्ह दाबली आणि मागच्या बोअरवरून रेषा घेऊन नव्याने बोअर केलं. मात्र ती मूळची राहिली नाही.

मटेरियलबद्दल मतं खूप आहेत, माझं हे. एसएई ६६० ब्रॉन्झ घ्या, म्हणजे ढोबळमानाने ८३ टक्के तांबं, सात कथील, सात शिसं, तीन जस्त. शिशामुळे थोडं वंगण कमी पडलं तरी तो शाफ्टला सांभाळून घेतो. भंगारातला पिवळा दांडा "गनमेटलच आहे" म्हणून कोणी पुढे केला तर घेऊ नका. ॲल्युमिनियम ब्रॉन्झ मऊ शाफ्टसाठी फार कडक पडतो. तेल मुरवलेला सिंटर्ड (धातूची पूड दाबून भाजलेला) बुश इथे मला पटत नाही, कारण रीमर फिरवला की त्याची छिद्रं बुजतात आणि त्याचा सगळा उपयोग त्या छिद्रांतच असतो.

टर्निंग करताना टूल धारदार ठेवा, रेक (धारेच्या वरच्या बाजूचा कल) जवळजवळ शून्य. बुश गरम असताना माप घेऊ नका, ३० अंशांनी तापलेला ब्रॉन्झ एका इंचावर अर्धा थाऊ जास्त दाखवतो. हीच गोष्ट बसवताना कामी येते. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेला बुश साधारण थाऊभर बारीक होतो. तो हातोडीने ठोकू नका, लांब आटेदार रॉड, दोन जाड वॉशर आणि नट लावून ओढून घ्या. ग्रीसचं भोक बसवल्यानंतर पाडा आणि आतली धार खरवडून काढा. आणि एकाच वेळी दोन बुश करून घ्या, दुसऱ्याचा बोअर कमीच ठेवून जपून ठेवा.

मी व्यवसायाने इंजिनिअर नाही. वरचे आकडे सर्वसाधारण आहेत, तुमच्या ट्यूबचं आणि शाफ्टचं माप हेच शेवटचं. चिरलेल्या बुशचा फोटो आणि हाउसिंगची मापं टाका, दोष कुठे आहे ते बरंचसं त्यावरूनच कळेल.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगतो. एवढी खोलाखोली केलीच आहे तर डिफरेन्शियलचे (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरसंचाचे) थ्रस्ट वॉशर बघितल्याशिवाय गाडी जोडू नका. मूळचे बॅबिटचे (मऊ मिश्रधातूचे) असतात आणि इतक्या वर्षांनी त्यांचा भुगा होतो. ते गेले की डिफरेन्शियलचा मोठा क्राउन गिअर पिनियनपासून, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाच्या छोट्या गिअरपासून, सरकतो. या गाडीचा पायातला ब्रेक गिअरबॉक्समध्ये आहे, त्याचा जोर चाकांपर्यंत याच ड्राइव्ह शाफ्टमधून जातो. पिनियन सुटला की तो ब्रेक गेला, उतारावर हातात फक्त हँडब्रेक उरतो. बॅबिटचे निघाले तर ब्रॉन्झचे घाला, आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.