मरून, वाइन आणि बर्गंडी ही नेलपेंट खरंच वेगळी असतात की एकाच रंगाची तीन नावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तीन कंपन्यांच्या तीन बाटल्या आणल्या, एकीवर मरून, दुसरीवर वाइन आणि तिसरीवर बर्गंडी लिहिलंय, पण नखावर तिन्ही सारख्याच दिसतात. मग आपण फसलो का, आणि सावळ्या हाताला यातली कोणती ठेवावी?

थोड्या फसलात, पण तितक्याही नाही.

माझ्याकडे आजच्या तारखेला २१४ बाटल्या आहेत. नवरा त्या कपाटाला 'रंगाचं दुकान' म्हणतो. सासूबाई काही म्हणत नाहीत, फक्त पाहुणे आले की कपाटाचं दार लावून घेतात. या २१४ मधल्या १९ बाटल्या एकट्या गडद लाल घराण्यातल्या. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे बरेच पैसे आधीच गेलेत, त्याचा तुम्हाला तरी उपयोग होऊ दे.

आधी नावांचा घोळ. मरून हा शब्द चेस्टनटच्या फ्रेंच नावावरून आलाय, म्हणजे मुळात त्यात तपकिरी झाक धरलेली. बर्गंडी हा फ्रान्समधला प्रांत, आणि रंगाला ते नाव पडलं तिथल्या लाल वाइनमुळे. तेव्हा वाइन आणि बर्गंडी सख्ख्या बहिणी, मरून चुलत. हे झालं शब्दकोशातलं. बाटलीवर नाव चिकटवताना कोण शब्दकोश उघडून बसतंय? एकीचं बर्गंडी ते दुसरीचं मरून, आणि एखादी तर त्याच रंगाला चॉकलेटचं नाव देऊन मोकळी होते. म्हणून माझ्या वहीत मी कंपनी आणि शेडचा नंबर त्यांचा लिहिते, रंगाचं नाव मात्र माझं. ती नावं साडीच्या दुकानातून उचललेली आहेत: डाळिंबी, कुसुंबी, विटकरी, आमसुली, करवंदी, वांगी. आमसुली म्हटलं की मला दुसरं काही आठवतच नाही. वर काळपट आणि पाण्यात पडलं की गुलाबी-जांभळा सुटणारा. इतकं अचूक नाव मला अजून एकाही बाटलीच्या बुडाला सापडलेलं नाही.

आता सारख्या का दिसतात ते. इथे मला माझ्या अप्पांना मध्ये आणावं लागेल. अप्पा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डायिंगमध्ये होते. चादरीचं सूत रंगवायचं काम. सोलापुरी चादर पाहिली असेल तर ठाऊक असेल, एका बाजूला मरून जमिनीवर पांढरं फूल असेल तर उलटल्यावर पांढऱ्या जमिनीवर मरून फूल. त्या मरूनचा एक लॉट पहिल्या लॉटपेक्षा किंचित जरी हलला तरी चादरीवर पट्टा उठून दिसतो आणि माल परत येतो. त्यामुळे रंग जुळवणं हा अप्पांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, माझ्यासारखी हौस नव्हती.

माझी हौस कशी तोंडावर आपटली ते सांगते. मावसबहिणीच्या लग्नाला मी डाळिंबी साडी नेसणार होते. आदल्या संध्याकाळी साडीचा पदर पिशवीत घालून नवी पेठेत गेले, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आठ-दहा बाटल्या पदराला लावून बघितल्या आणि एक अगदी बेमालूम जुळली. रात्री बसून दहाही नखं रंगवली. सकाळी मांडवाच्या दारात उन्हात हात पुढे केला तर साडी डाळिंबी आणि नखं शेंगदाण्याच्या टरफलाची! अप्पांनी एकदा नखांकडे बघितलं, एकदा पदराकडे, आणि म्हणाले, "ट्यूबखाली जुळवलीस व्हय?" पुढे काही नाही. जेवायला गेले.

नंतर त्यांनी समजावलं ते असं. साडीतला रंग वेगळ्या द्रव्याचा, बाटलीतला वेगळ्या. दोन्ही द्रव्यं उजेडातला वेगवेगळा भाग परत फेकतात. ट्यूबलाइटच्या उजेडात काही रंग भरपूर असतात आणि काही फारच कमी, त्यामुळे तिथे दोघांची बेरीज योगायोगाने सारखी येते. सूर्याच्या उजेडात सगळेच रंग असतात, तिथे बिंग फुटतं. याला मेटामेरिझम म्हणतात. डायिंगमध्ये म्हणायचे, 'रंग पलटी मारतो'.

अप्पांची रीत सोपी होती आणि मी ती जशीच्या तशी चोरली आहे. नमुना आणि नवी लडी घेऊन सकाळी दहा-अकराला दारात यायचं. उन्हात नाही, सावलीत, उत्तरेचा उजेड असेल तर उत्तम. दोन्ही एकमेकींना चिकटवून धरायच्या, मध्ये फट ठेवायची नाही, कारण फटीतून पांढरं दिसलं की डोळा चुकतो. आणि टक लावून बघायचं नाही. "टक लावून बघालीस तर सगळंच सारखं दिसतंय. बघ, मान वळव, परत बघ," असं ते अजून म्हणतात. पहिल्या नजरेत जो फरक दिसतो तोच खरा, हे मी २१४ बाटल्यांनंतर सांगू शकते.

लडीच्या जागी माझ्याकडे प्लास्टिकची नखं आहेत. इथल्या बाजारात मधला मारुतीपाशी किंवा ऑनलाइन, पारदर्शक नखांची पाकिटं मिळतात. पांढरी घेऊ नका, पारदर्शकच घ्या. ती स्वतःच्या बोटावर ठेवून बघता येतात. प्रत्येक बाटलीची दोन नखं करायची, एकाला एकच पातळ कोट, दुसऱ्याला दोन. मागे नंबर लिहायचा आणि दुसऱ्या दिवशीच बघायचं. ओला रंग खोटं बोलतो. माझ्या अनुभवात गडद लाल वाळल्यावर आणखी गडद होतात.

हा एक कोट म्हणजे सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. नेलपेंटमध्ये नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा असतो आणि त्यात रंगाची बारीक पूड तरंगत असते. पूड आणि विरघळणारा रंग यांतला फरक मोठा आहे. १९३२ साली रेव्हलॉन कंपनी अमेरिकेत सुरू झाली ती याच एका मालावर: विरघळणाऱ्या रंगांऐवजी पूड वापरलेलं नेल इनॅमल, म्हणून झाकणारं, अपारदर्शक. आज आपण 'क्रीम' फिनिश म्हणतो ते साधारण तेच. गडद शेडमध्ये ही पूड ठासून भरलेली असते, शिवाय लाल खाली उतरवायला त्यात काळं घालतात. दोन-तीन जाड कोट मारले की उजेड जवळपास सगळा गिळला जातो आणि जे उरतं ते 'गडद काहीतरी'. झाक निळी होती की तपकिरी, हे वर येतच नाही. तुम्ही नक्की तीन कोट मारले असणार!

घरी आत्ता करता येईल अशी एक चाचणी देते, प्लास्टिकची नखं नसतील तरी चालेल. तीन नखांना तीन बाटल्या लावा, वाळू द्या. मग कापसाचे तीन वेगळे बोळे घ्या, प्रत्येकावर रिमूव्हर टाका, नखावर दहा सेकंद दाबून ठेवा आणि एकदाच ओढा. नखाकडे बघूच नका, कापूस बघा. बोळ्याच्या मधोमध रंग गडदच असेल, पण कडेला जिथे तो पसरत पातळ होत गेलाय तिथे झाक उघडी पडते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा जुळ्या वाटणाऱ्या दोन बाटल्यांपैकी एकीची कड आमसुलाच्या पाण्यासारखी गुलाबी-जांभळी निघाली आणि दुसरीची थेट विटेच्या धुरळ्यासारखी. बाटलीत मात्र दोघी बहिणी बहिणी बसल्या होत्या.

माझ्या १९ चं काय निघालं? वेगळे म्हणावेत असे रंग फक्त ५. तपकिरी झाकेचा विटकरी मरून, सरळ लाल झाकेचा डाळिंबी, जांभळ्या झाकेचा आमसुली, त्याहून जांभळा वांगी, आणि घरात काळा नि उन्हात लाल दिसणारा करवंदी. या शेवटच्या जातीची जगभरातली प्रसिद्ध बाटली म्हणजे शनेलची १९९४ ची रूझ न्वार, नावाचा अर्थच लाल-काळा. ती माझ्याकडे नाही आणि त्या किमतीत घेणारही नाही.

बाकीच्या १४ बाटल्या या ५ रंगांच्याच पुनरावृत्त्या. गेल्या दिवाळीत सगळी नखं अप्पांसमोर गॅलरीत मांडली. चष्मा लावून त्यांनी दोन नखं उचलून एकमेकांना चिकटवली आणि म्हणाले, "हे दोन एकाच लॉटचे." एक होतं गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या गाड्यावरून ३० रुपयांना घेतलेलं. दुसरं एका मोठ्या कंपनीचं, ४५० रुपयांचं. उलटही झालं. एकाच कंपनीची, एकाच नंबरची दोन वर्षांच्या अंतराने घेतलेली बाटली त्यांनी बाजूला काढून ठेवली, "हा हललाय" म्हणून. मला तो फरक त्यांनी दाखवल्यावरच दिसला.

म्हणून रंगासाठी जास्त पैसे देऊ नका. ते द्यायचेच तर ब्रशसाठी द्या. गाड्यावरच्या बाटलीचा ब्रश झाडूसारखा फाकतो, गडद रंग कातडीवर सांडतो आणि हात मेहंदी अर्धवट धुतल्यासारखे दिसतात. फिक्या रंगात हे खपून जातं, मरूनमध्ये नाही. गाड्यावरची तिसऱ्या दिवशी टोकाला उडाली, महागडी सहाव्या दिवशी. घरी भांडी मीच घासते, तेव्हा ही परीक्षा कडकच आहे.

सावळ्या हाताचं. गडद रंग गोऱ्या हातालाच शोभतात असं सांगणाऱ्या काकू प्रत्येक घरात एक असते, माझ्या घरात दोन आहेत. माझा हात तव्यावरच्या भाकरीच्या रंगाचा, आणि माझं मत त्यांच्या बरोबर उलट आहे. आपल्या कातडीत मुळातच पिवळी-तपकिरी झाक असते. विटकरी मरून तिच्यात मिसळून जातो, लांबून नख आणि बोट एकच वाटतं. ऑफिसला तो बरा. जांभळ्या झाकेचा आमसुली किंवा वाइन मात्र कातडीपासून सुटा उभा राहतो, आणि शेजारी सोन्याची नाहीतर हिरव्या काचेची बांगडी असली तर बघायलाच नको. फिक्या गुलाबीला हळद लागून आठवड्यात पिवळेपणा येतो, तो त्रासही गडदला नाही. एकच काळजी घ्या, खाली बेस कोट हवाच. गडद लाल नखात डाग सोडतो, आणि नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं, म्हणजे तो पिवळट डाग कापून निघायला महिनेच्या महिने लागतात. मी एका उन्हाळ्यात बेस कोटचा कंटाळा केला आणि दसऱ्यापर्यंत नखं कुणाला दाखवली नाहीत.

उन्हाळ्यावरून आठवलं, तुम्ही कुठल्या गावच्या ते लिहिलेलं नाही. सोलापूरसारख्या ४२-४३ अंशांच्या गावात असाल तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी नेलपेंट लावायला बसूच नका. आतलं द्रावण इतक्या भराभर उडतं की वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि खाली बुडबुडे अडकतात. बुडबुड्यांवर उजेड विखुरतो, मग रंग खरा दिसत नाही आणि तुलना वाया. रात्री लावा, पंखा अंगावर घेऊ नका. बाटली खदाखदा हलवण्यापेक्षा दोन तळव्यांत धरून फिरवा. घट्ट झाली तर नेलपेंटच्या थिनरचे दोन-तीन थेंब. रिमूव्हर ओतू नका, पापुद्राच बिघडतो. मी तसं करून एक चांगली वांगी रंगाची बाटली घालवली आहे.

तर तुमच्या तीन बाटल्या. कापसाची चाचणी करा. तिन्ही कडा वेगळ्या निघाल्या तर तिन्ही ठेवा, नावं काही का असेनात. दोन सारख्या निघाल्या तर त्यातली चांगल्या ब्रशची ठेवा आणि दुसरी धाकट्या बहिणीला द्या. एकच ठेवायची असेल तर जिची कड जांभळी येते ती. आणि तिन्ही बोळे सारखेच निघाले, तर ते सकाळी दहाच्या उजेडात पांढऱ्या ताटलीत एकमेकांना चिकटवून ठेवा, फोटो काढा आणि इथे टाका. अप्पांना दाखवते.